ग्राइंडरसह कॉफी यंत्र : निवड, जुळवणी, देखभाल (प्रकल्प नोंदी)

१२ ऑगस्ट

यंत्र घ्यायचं ठरलं आहे. कुठल्या जातीचं, ते आज ठरवायचं. ग्राइंडर पोटातच असलेली घरगुती यंत्रं ढोबळमानाने तीन प्रकारची मिळतात.

पहिलं ड्रिप यंत्र. वर ग्राइंडर, त्याखाली फिल्टर, सगळ्यात खाली भांडं. रात्री बिया आणि पाणी भरून टायमर लावला की सकाळी कॉफी तयार. कल्पना झकास, पण रचनेतच खोट आहे. फिल्टरमधून उठलेली वाफ वरच्या नळीत शिरते, तिथे उरलेली पूड ओली होऊन चिकटते आणि पुढच्या खेपेला नळी तुंबते. म्हणजे दर वेळी सुटे भाग धुऊन, पुसून, कोरडे करून बसवणं आलं. टायमरची सोय कागदावरच राहते. शिवाय या प्रकारातल्या बऱ्याच यंत्रांत पात्याचा ग्राइंडर असतो. पातं बिया दळत नाही, फोडतं. एकाच घाण्यात भुकटीही निघते आणि तुकडेही. भुकटीतून कडूपणा उतरतो, तुकड्यांतून आंबटपणा, आणि कपात दोन्ही एकदम येतात.

दुसरं पूर्ण स्वयंचलित. बटण दाबा, आत दळण, दाबणं, पाणी सोडणं, चोथा डब्यात टाकणं सगळं आपोआप. ताईचा कौल याला. "सकाळी सहा वाजता मला वजनकाटा दाखवू नकोस," हे तिचं म्हणणं रास्त आहे. अडचण अशी की पूड डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. कॉफी बिघडली तर दळणामुळे, मापामुळे की पाण्यामुळे, हे कळायला मार्ग नाही. आतला ओला भाग साफ ठेवला नाही तर बुरशी धरते. म्हणून या प्रकारात घ्यायचंच झालं तर तो अख्खा भाग बाहेर काढून नळाखाली धुता येईल असंच यंत्र घ्यावं.

तिसरं अर्धस्वयंचलित एस्प्रेसो यंत्र. शेजारी ग्राइंडर, त्याखाली पोर्टाफिल्टर (पुडीच्या चाळणीची मुठीची वाटी) धरायचा, पूड आपण दाबायची, शॉट, म्हणजे एका खेपेची एस्प्रेसो, आपण काढायचा. हे घेतोय. "दोन वेगळी यंत्रं घ्या, एक बिघडलं तर दुसरं चालू राहील" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा नाही. पण ओट्यावर जागा एकाचीच आहे.

१७ ऑगस्ट

माहितीपत्रकं चाळली. सगळ्यात मोठ्या अक्षरात "१५ बार" छापलेलं असतं आणि त्याचा चवीशी सर्वात कमी संबंध. पाणी पुढे जाऊच दिलं नाही तर पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकेल, एवढंच तो आकडा सांगतो. पुडीवर लागतात साधारण ९ बार. इटलीतल्या अकिले गॅज्जियाने दुसऱ्या महायुद्धानंतर दांड्याचं यंत्र आणलं, तेव्हापासून एस्प्रेसोचं काम या दाबाच्या आसपासच चालतं. वर तरंगणारा सोनेरी फेस, क्रेमा, दिसायला लागला तोही तेव्हापासून. यंत्रात जास्तीचा दाब परत टाकीकडे सोडणारा व्हॉल्व्ह आहे का, हा खरा प्रश्न. तो पत्रकात क्वचितच सापडतो.

मी पाहिलं ते असं. ग्राइंडर बरचा हवा, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमधून बी भरडली जाणारा. वरची चकती स्क्रू ड्रायव्हरशिवाय हाताने निघायला हवी, नाहीतर साफसफाई टळत जाते. बाहेरच्या चकरीवर दळणाच्या पायऱ्या किती, आणि त्या संपल्या तर आत आणखी एक समायोजन आहे का. सोबत साधी, एकेरी तळाची चाळणी मिळते का. बऱ्याच यंत्रांसोबत दुहेरी तळाची चाळणी येते. तिला खाली एकच बारीक भोक असतं. दळण कसंही असलं तरी दाब तयार होतो आणि वर फेस येतो. तो फेस भोकातून फवारल्यामुळे आलेला, कॉफी नीट उतरल्यामुळे नव्हे. ती चाळणी तयार पुडीसाठी ठीक. शेजारी ग्राइंडर असताना ती वापरण्यात अर्थ नाही.

आणि एक अगदी साधी गोष्ट: वर भिंतीतलं कपाट असेल तर हॉपरचं (बिया भरायच्या वरच्या डब्याचं) झाकण उघडायला आणि टाकी काढायला जागा उरते का, हे टेप लावून मोजलं. उरते, जेमतेम.

२४ ऑगस्ट

यंत्र आलं. टाकी, चाळण्या, पोर्टाफिल्टर धुतले. बिया न घालता दोन टाक्या पाणी आतून फिरवून टाकून दिलं, वाफेच्या नळीतूनही.

पट्टीवर पाण्याची जडता पाहिली: जर्मन मोजणीने १२ अंश. एक अंश म्हणजे लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, तेव्हा आपलं पाणी २१० च्या पुढे. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन सुमारे ५० ते १७५ मध्ये ठेवा म्हणते. यंत्रात जडतेची पातळी भरायची सोय आहे, ती भरली. क्षार काढायची आठवण त्यावर ठरते. टाकीत गाळणीची कांडी बसवली. अगदी शून्य क्षाराचं पाणीही नको, कॉफी बेचव लागते. चव ओढून काढायला थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतंच.

२५ ऑगस्ट

बिया: मध्यम भाजणी, भाजून नऊ दिवस झालेल्या. पाणी ९३ अंश. साधी चाळणी, ५४ मिलिमीटरची. लक्ष्य: १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम, २५ ते ३० सेकंद. (इटलीतल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेचा जुना निकष ७ ग्रॅम पूड, २५ मिलिलिटर, २५ सेकंद असा आहे. माप वेगळं, वेळ जवळपास तीच.)

दळण ११ : १८.१ → ३६ ग्रॅम, १४ सेकंद. पाणचट, जिभेच्या कडांना झोंबणारं आंबट.
दळण ८ : १८.० → ३६, २० सेकंद. आंबटच, पण अंग आलं.
दळण ६ : १८.० → ३७, २८ सेकंद. गोडसर, शेवटी किंचित कोको. हे चालेल.
दळण ५ : १८.२ → ३५, ३६ सेकंद. तुरट, घोट गेल्यावर जीभ कोरडी.

दोन गोष्टी लिहून ठेवायच्या. दळण बारीक करताना ग्राइंडर चालू असतानाच चकरी फिरवायची. बंद असताना दोन चकत्यांमध्ये बियांचे तुकडे अडकलेले असतात, त्यांच्यावर चकती आवळली जाते. आणि चकरी बदलल्यावर पहिली काही ग्रॅम पूड फेकायची. नळीत आधीच्या मापाची पूड उरलेली असते. ती मिसळली की नव्या आकड्याचा शॉट जुन्या आकड्यासारखा वागतो आणि माणूस उगाच आणखी चकरी फिरवत बसतो. या यंत्रात वजन करून पाहिलं, तर दोन ग्रॅमच्या आसपास पूड आत राहते. सुट्या ग्राइंडरांत ती कमी ठेवता येते. एकत्र यंत्रात ग्राइंडरपासून पोर्टाफिल्टरपर्यंतची वाट वाकडी असते, तिची ही किंमत.

भाजलेल्या बीचा साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. प्रत्यक्षात पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग उतरला की कॉफी बरी लागते, असं रसायनशास्त्रज्ञ अर्न्स्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात ड्रिप कॉफीवर काम करताना मांडलं. कमी उतरला तर आंबट, जास्त तर कडू-तुरट. वरच्या चार ओळी म्हणजे तेच, एस्प्रेसोत.

२९ ऑगस्ट

ग्राइंडर वजन मोजत नाही, वेळ मोजतो. १८ ग्रॅमसाठी सेकंद ठरवून ठेवले आणि दळण एक पायरी बारीक केलं की तेवढ्याच वेळात पूड कमी पडते, कारण बारीक दळण हळू निघतं. हॉपर रिकामा होत आला तरी तेच, वरून भार नाही. आज सकाळी हॉपर भरलेला असताना १८.३, संध्याकाळी तळाशी थोड्या बिया असताना १६.९. एवढ्या फरकाने शॉट सात-आठ सेकंद इकडेतिकडे होतो. तेव्हा पोर्टाफिल्टर काट्यावर ठेवून दर वेळी वजन. ताईसाठीही. तिने डोळे फिरवले.

हॉपर काठोकाठ भरून ठेवावा तर दळण स्थिर राहतं, पण शेजारी तापणारा भाग आहे आणि बिया उघड्यासारख्याच राहतात. शॉटपुरत्या मोजून घालाव्यात तर शेवटच्या बिया चकत्यांवर उड्या मारतात आणि जाड निघतात. मध्यम मार्ग: एक-दोन दिवसांच्या बिया हॉपरमध्ये, बाकी हवाबंद डब्यात, कपाटात.

७ सप्टेंबर

त्याच बिया, त्याच दळणावर आता २३ सेकंदांत उतरतात. यंत्राचा दोष नाही. भाजल्यानंतर बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. ताज्या बियांत तो इतका असतो की पाणी पुडीतून सरळ जात नाही, म्हणून भाजल्यावर सात ते चौदा दिवस थांबायला सांगतात. पुढे वायू संपत जातो, अडथळा कमी होतो, पाणी लवकर निसटतं. एक पायरी बारीक, २९ सेकंद. हे दर आठवड्याला करावं लागणार. पिशवीवर भाजल्याची तारीख नसेल तर त्या बिया घ्यायच्याच नाहीत, फक्त "अमुक तारखेपर्यंत वापरा" याने काही कळत नाही.

१० सप्टेंबर

ताईने काळ्याभोर, तेलकट भाजणीच्या बिया आणल्या. "मला दुधात घालायचीय, तुझी आंबट कॉफी दुधात फाटल्यासारखी लागते." तिचं खरं आहे, दुधात गडद भाजणीच उठून दिसते. पण हॉपरच्या भिंतींना तेल चिकटलं, बिया एकमेकींना धरून बसल्या आणि घसरेनात. ग्राइंडर रिकामाच घरघरला. बोटाने ढकलाव्या लागल्या (यंत्र बंद करून, प्लग काढून). नळीत पुडीचा थर बसला तो वेगळाच.

तोडगा: गडद, पण पृष्ठभाग कोरडा असलेली भाजणी. पाणी ९० अंशांवर, दळण एक पायरी जाड. ताई खूश. सुगंध मिसळलेल्या बिया मात्र या हॉपरमध्ये कधीच नाहीत, तो वास पुढे कित्येक दिवस जात नाही.

१४ सप्टेंबर

दूध. तापवायचा भाग एकच, म्हणून आधी शॉट, मग वाफ. वाफ झाल्यावर लगेच दुसरा शॉट घ्यायचा तर आत पाणी फार तापलेलं असतं. अर्धा कप पाणी सोडून द्यायचं, मग पोर्टाफिल्टर लावायचा. दूध ५५ ते ६५ अंशांमध्ये थांबवायचं, सत्तरीपुढे शिजल्याचा वास येतो. नळी वापरल्या क्षणी पुसायची आणि एकदा वाफ सोडायची, नाहीतर दूध आत ओढलं जाऊन सुकतं.

२२ सप्टेंबर

हवा कोरडी झाली तशी पूड उडायला लागली. पोर्टाफिल्टरच्या कडेला, ओट्यावर, यंत्राच्या पोटावर केसांसारखी उभी. स्थिर वीज. ओरेगॉन विद्यापीठातल्या क्रिस्टोफर हेंडन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला: दळण्याआधी बियांवर थोडं पाणी शिंपडलं तर ही वीज कमी होते, गुठळ्या कमी होतात आणि कॉफी जास्त उतरते. युक्ती खरी आहे, पण ती मोजून घातलेल्या बियांसाठी. हॉपरमध्ये साठवलेल्या बियांवर पाणी मारलं तर त्या ओल्या राहून पोलादी चकत्यांना गंज धरणार. इथे ती वापरायची नाही. त्याऐवजी पोर्टाफिल्टरवर बसणारी धातूची कडी घेतली, आणि पूड सारखी करायला बुचात खोचलेल्या बारीक सुया. गुठळी राहिली की पाणी तिला वळसा घालून बाजूने वाट काढतं; चोथा उलटा केला की ते भोक दिसतं.

६ ऑक्टोबर

ग्राइंडर उघडला. बिया संपवल्या, हॉपर काढला, प्लग काढला. वरच्या चकतीला तारेची मूठ आहे. ती उभी करून डावीकडे वळवली की चकती वर येते. दात्यांच्या खोबणीत फिकट तपकिरी पीठ घट्ट बसलेलं, टाचणीने टोकरल्यावर खपली निघाली. खालच्या शंकूभोवती जिथून पूड बाहेर फेकली जाते त्या तोंडाशी तर अर्धं भोक बुजलं होतं. वास खवट, जुन्या तेलाचा. गेला आठवडाभर गोड भाजणीलाही शेवटी जी चव येत होती, तीच ही.

कोरडा ब्रश, मग व्हॅक्यूमची नळी. पाणी अजिबात नाही. चकती परत बसवताना खुणेला खूण जुळवून, पूर्ण खाली गेल्याची खात्री करून मूठ आडवी केली. अर्धवट बसली तर दळण जाड येतं आणि आकडा मात्र तोच दिसतो. कच्चे तांदूळ दळून ग्राइंडर साफ करा असं पुष्कळ जण सांगतात. तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा कडक, मोटरवर ताण येतो, आणि नळीतला थर तसाच राहतो. ब्रश बरा.

साफसफाईनंतर त्याच आकड्यावर शॉट ३४ सेकंदांचा झाला. एक पायरी जाड केली, २८.

१९ ऑक्टोबर

पाणी येतं तिथली जाळी उघडून धुतली, मग बंद (बिनभोकाच्या) चाळणीत डिटर्जंटची गोळी घालून उलट धुलाई. ही धुलाई फक्त ज्या यंत्रात शॉटनंतर दाब सोडणारा तीनमार्गी व्हॉल्व्ह आहे त्यातच करायची. आपल्यात आहे: शॉट संपला की ट्रेमध्ये फस्सकन पाणी सुटतं, ती त्याची खूण. गोळी अल्कधर्मी, कॉफीचं तेल सोडवते. क्षार काढायचं द्रव आम्ल असतं. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

२ नोव्हेंबर

क्षार काढायचा दिवा लागला. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं. केटलीतला पांढरा थर तोच. तो नळ्यांत साठला की पाणी पुरेसं तापत नाही आणि पंप कण्हतो.

व्हिनेगर नको: रबरात वास राहतो, काही धातूंना खातं. सायट्रिक आम्ल थंड पाण्यात चांगलं चालतं, पण तापलेल्या भागात कॅल्शियम सायट्रेट साठू शकतं. ते नेहमीच्या क्षारांच्या उलट वागतं, गरम पाण्यात कमी विरघळतं. म्हणून लॅक्टिक आम्लाचं तयार द्रव वापरलं, पुस्तिकेतल्या मापाने. गाळणीची कांडी आधी काढली. ट्रेमध्ये आलेलं पाणी सुरुवातीला गढूळ, बुडबुडे सुटणारं. नंतर स्वच्छ पाण्याच्या दोन टाक्या.

१६ नोव्हेंबर

हलकी भाजणी आणली. या बिया कडक, लवकर विरघळत नाहीत, म्हणून दळण बारीक आणि पाणी ९५ अंश. चकरी १ वर आणली तरी ३६ ग्रॅम १९ सेकंदांत. पायऱ्या संपल्या. आतलं समायोजन वापरलं: वरच्या चकतीच्या बाजूला आकड्यांची कडी असते, ती दोन घरं बारीककडे सरकवली. आता चकरीवर ५ ला २५ सेकंद.

पण दोन पायऱ्यांमधलं अंतर इथे फारच मोठं वाटतं. ५ ला २५, ४ ला ३३. हवे आहेत २९, आणि ते चकरीवर नाहीत. मग ५ वर ठेवून पूड १८.४ केली, ३० सेकंद आले, चव बसली. म्हणजे पायऱ्यांच्या मधली जागा मापाने भरून काढायची.

यंत्राबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. पंप, तापमान, वाफ यांत कुरकूर करण्यासारखं फारसं नाही. कॉफीची मर्यादा ठरते ती ग्राइंडरच्या पायरीच्या आकाराने. मध्यम आणि गडद भाजणी पिणाऱ्याला हे यंत्र उत्तम. फक्त हलकी भाजणी पिणाऱ्याने ओट्यावर दुसरी जागा शोधावी आणि ग्राइंडर वेगळा घ्यावा. पत्रकात हॉपर किती बिया मावणारा हे असतं, एक पायरी म्हणजे किती फरक हे नसतं. ते बघायचं तर यंत्र समोर असताना एकच आकडा बदलून दोन शॉट काढून घ्यावेत.

चालू मापं, डब्यावर चिकटवलेली:
ताईची गडद : दळण ८, १८ → ३४ ग्रॅम, ९० अंश, दुधासह.
मध्यम : ६ किंवा ७, १८ → ३६, ९३ अंश.
हलकी : ५, १८.४ → ४२, ९५ अंश. हिला ३६ पेक्षा जास्त पाणी मानवतं, आंबटपणा उघडतो आणि टोचत नाही.

(गडद आणि मध्यमचे आकडे कडी सरकवल्यानंतरचे, नव्याने घेतलेले.)

राहिलेलं: पोर्टाफिल्टर घट्ट बसताना आता मूठ पूर्वीपेक्षा पुढे जाते. रबरी गॅस्केट दबतंय. अजून गळत नाही. नवं मागवलं आहे, ५४ मिलिमीटरच्या यंत्राचं. डिसेंबरमध्ये बदलताना जाळीचा स्क्रूही काढून पाहायचा.